मोळी आणि मिरास : सामाईक भूमी, स्त्री आणि मराठी गद्य

12 मार्च 1954 रोजी दिल्लीत साहित्य अकादेमीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी त्याच नगरीभोवतीच्या खेड्यांसाठी दिल्ली भूमिसुधारणा कायदा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही. तथापि स्वतंत्र भारताने एकाच वर्षी आपल्या भाषांचा आणि आपल्या भूमीचा विचार कसा केला, हे त्या दोन्ही एकत्र ठेवल्या असता ध्यानात येते. हा कायदा त्या काळाच्या मानाने पुरोगामी होता. कसणारा आणि शासन यांमधील मध्यस्थ त्याने दूर केले आणि गावची पडीत व चराऊ जमीन गावसभेच्या स्वाधीन केली. मात्र कसणाऱ्याच्या मृत्यूनंतरचा वारसांचा जो क्रम त्याने घालून दिला, त्यात प्रथम पुत्र-पौत्रादी पुरुषवंशज आणि ते नसतील तरच विधवा, अशी व्यवस्था होती. मुलीचे स्थान त्याहूनही मागे होते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारस मानले खरे, परंतु शेतजमिनीच्या धारणेविषयीचे असे कायदे आपल्या कक्षेबाहेर ठेवले. ती पळवाट 2005 च्या दुरुस्तीने बंद केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्या दुरुस्तीचा अर्थ स्त्रीच्या बाजूने स्पष्ट केला. मधल्या अर्धशतकात यांपैकी कितीतरी गावांची शेते नगरवस्तीखाली गेली होती.

दिल्लीलगतच्या हरियाणातील गावांत सामाईक जमिनीला 'शामिलात' म्हणतात. तेथे अनेक ठिकाणी या जमिनीतील हिस्सा ज्याच्या त्याच्या खासगी जमिनीच्या प्रमाणात नोंदला जाई. अरवलीच्या टेकड्यांवरील अशी जमीन पुढे मोलाची ठरली, तेव्हा ती याच नोंदींच्या आधारे वाटली आणि विकली गेली. ज्याच्या नावे शेत नाही, त्याचा टेकडीतही वाटा नाही, असा हा हिशेब आहे. त्या टेकड्यांवर सरपण वेचणाऱ्या आणि गुरे वळणाऱ्या स्त्रीचे नाव शेताच्या नोंदीत नसल्यामुळे टेकडीच्या नोंदीतही नाही. सामाईक संपत्ती ही सर्वांची असते, हा आपला भाबडा समज येथेच गळून पडतो.

सामाईक भूमी आणि स्त्री यांचे नाते मराठी गद्याने कसे पाहिले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. कथा-कादंबरी म्हणजे जमिनीचा फेरफार नव्हे आणि लेखकाकडून सातबाऱ्याची अपेक्षा करणे अरसिकपणाचे ठरेल, याची मला जाणीव आहे. परंतु एखादी भाषा आपल्या अनुभवविश्वातील कोणत्या गोष्टींना नाव देते आणि कोणत्या गोष्टी पार्श्वभूमी म्हणून सोडून देते, हा प्रश्न निखळ वाङ्मयीन आहे. मला असे म्हणावयाचे आहे की, मराठी भाषेने स्त्रीला दोन घरे दिली, परंतु गाव दिले नाही. घर ही कुटुंबाची गोष्ट आहे, तर गायरान, रान, देवराई आणि पाणवठा या गावाच्या गोष्टी आहेत. म्हणून घरातील अन्यायाचे चित्रण करण्यात आपले साहित्य समर्थ ठरले आणि गावातील तिच्या हक्काविषयी मात्र ते दीर्घकाळ मुके राहिले.

प्रथम शब्दांकडे पाहू. जमिनीवरील वंशपरंपरागत हक्काला मराठीत 'मिरास' म्हणतात. ती ज्याच्याकडे आहे तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो 'उपरी'. गावाचे सामाईक व्यवहार चालविणारी ती 'गावकी', एका कुळीचे हिस्सेदार ते 'भाऊबंद' आणि त्यांचे वैर ती 'भाऊबंदकी'. ही सारी शब्दसंपत्ती पुरुषवंशाला गृहीत धरून घडली आहे; 'बहीणबंद' असा शब्द आपल्याला सुचलाही नाही. स्त्रीसाठी भाषेने केलेले शब्द आहेत ते 'माहेरवाशीण' आणि 'सासुरवाशीण'. दोन्हींत वास आहे, वतन नाही. माहेरवाशीण ही जन्मगावात पाहुणी असते आणि सासुरवाशीण ही दुसऱ्याच्या गावात कोणाच्या तरी नात्याने राहते. जुन्या महसुली परिभाषेत बोलायचे तर ती दोन्ही गावांत उपरीच ठरते.

जात्यावरच्या ओव्यांचा भावनिक गाभा येथेच आहे. गाय पोईटवां आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांनी मराठी स्त्रीच्या मनाचे फार मोठे दालन उघडले. त्यांत भाऊ आणि माहेर यांविषयीची ओढ पुनःपुन्हा प्रकटते. समीक्षेने या ओढीकडे वात्सल्याचा आणि विरहाचा आविष्कार म्हणून पाहिले, ते योग्यच होते. परंतु तिचा एक व्यावहारिक पदर आपण दुर्लक्षिला. आजही बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, ती बहुधा माहेरचे दार उघडे राहावे म्हणून. सणाला येणारे मुऱ्हाळी, साडीचोळी आणि संकटातील आसरा यांची किंमत जमिनीच्या हिश्श्याने चुकवली जाते. ज्या भावनेला आपण लोकसाहित्याचे लेणे म्हणतो, तिच्या पोटी हा मूक करार असतो. ओवीचे सौंदर्य त्यामुळे उणे होत नाही, मात्र ते सौंदर्य कशाच्या मोबदल्यात आले, हे आपण विसरता कामा नये.

कुटुंबातील वारसा आणि गावातील वारसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे गोव्याच्या उदाहरणाने फार स्पष्ट होते. गोव्यातील गावकारी, म्हणजेच कोमुनिदाद, ही गावची जमीन सामाईकपणे धारण करणारी प्राचीन संस्था आहे. 1526 च्या पोर्तुगीज सनदेत तिच्या रूढींची नोंद झाली आणि 1961 च्या संहितेनुसार तिचा कारभार अजूनही चालतो. बांध, खाजण, शेते यांची निगा राखून उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना वार्षिक 'जोण' मिळते. हे जन्मसिद्ध सदस्यत्व पुरुषवंशाने चालत येते. गावकाराची मुलगी जोणकार होत नाही. नवल असे की, त्याच गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे वडिलांच्या खासगी मालमत्तेत मुलाइतकाच मुलीचाही वाटा असतो आणि त्या संहितेचा गौरव देशभर केला जातो. म्हणजे ज्या मुलीला वडिलांच्या घरात समान हिस्सा आहे, तिला वडिलांच्या गावात मात्र जन्मसिद्ध स्थान नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (1962) या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेचा जो अभ्यास सादर केला, त्यातून ही संस्था केवळ रम्य ग्रामस्वराज्य नसून तिच्यातही हक्कदार आणि हक्कहीन असे थर होते, हे ध्यानात येते. त्या थरांत स्त्रीचा थर मिळवला की चित्र पूर्ण होते.

या पार्श्वभूमीवर मराठी गद्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात दोन ग्रंथ अगदी लागोपाठ लिहिले गेले. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 चा आणि महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883 चा. 1878 च्या वनकायद्यानंतर सरकारी जंगलखात्याने डोंगर, दरे आणि गायराने कशी गिळली आणि रानातील फळे-फुले-पाने विकून व चार शेळ्या राखून जगणारा अल्पभूधारक कसा देशोधडीला लागला, हे फुल्यांनी 'असूडा'त दाखविले. सामाईक भूमीच्या अपहाराचे मराठीतील हे आद्य समर्थ निरूपण होय. ताराबाईंनी त्याच सुमारास पुरुषांनी स्त्रीवर लादलेल्या एकतर्फी नीतीची झडती घेतली. दोन्ही लेखनांमागे सत्यशोधक विचाराचे वातावरण होते आणि ताराबाईंवर टीका झाली तेव्हा फुल्यांनी 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. इतकी जवळीक असूनही पुढील मराठी विचाराने ही दोन पुस्तके दोन वेगळ्या फडताळांत ठेवली. रानात जाऊन ती फळे-पाने गोळा करणारी बहुतांशी स्त्रीच होती आणि रान बंद झाले तेव्हा तिची वाट प्रथम बंद झाली, ही जोडणी व्हायची राहून गेली.

स्वातंत्र्योत्तर कादंबरीत ग्रामजीवनाचे चित्रण परिपक्व झाले. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन कादंबऱ्या या दृष्टीने विचारार्ह आहेत. गो. नी. दांडेकर यांच्या 'पडघवली'ची निवेदिका खोताच्या घरातील अंबूवहिनी आहे. कोकणातील एका गावाचा ऱ्हास तिच्या तोंडून सांगितला जातो. तेथील झाडेझुडपे, वाटा, रीती, सण हे सारे तिच्या स्मरणात आहे. गावाची स्मृती स्त्रीच्या स्वाधीन करण्यात दांडेकरांची वाङ्मयीन जाण दिसते. पण गावाची स्मृती जिच्या स्वाधीन आहे, तिच्या स्वाधीन गाव मात्र नाही. गाव मोडत असताना ती शोक करू शकते. निर्णय करू शकत नाही. ही विसंगती कादंबरीत आहे, परंतु कादंबरी तिला प्रश्न मानत नाही. आम्ही समीक्षकांनीही निवेदनाच्या आर्ततेची वाखाणणी केली आणि त्या आर्ततेमागील अधिकारशून्यतेकडे पाहिले नाही.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'त धनगरांची वस्ती आहे. तिचे जीवन मेंढरांवर आणि मेंढरांचे जीवन मोकळ्या रानावर अवलंबून आहे. या कादंबरीतील एक प्रसंग मराठी वाचक विसरू शकत नाही. शेकूजवळ नांगरासाठी बैलांची जोडी पुरी होत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीने आपला खांदा जुवाला देते. माडगूळकरांनी हा प्रसंग विलक्षण संयमाने लिहिला आहे. कणव मागितलेली नाही आणि निषेधही नोंदविलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण या चित्रात स्त्रीचा कणखरपणा पाहिला. आज तोच प्रसंग वाचताना मला ती 'शेकूची बायको' आहे, हे प्रथम जाणवते. शेत शेकूचे आणि खांदा तिचा आहे. या शेतावर तिचा काय अधिकार, असा प्रश्न वाडीतील कोणाला पडत नाही, मास्तरांना पडत नाही आणि आपल्यालाही पडला नाही. माडगूळकरांचे मोठेपण असे की, त्यांनी प्रसंग इतका निखळ ठेवला की पन्नास-साठ वर्षांनी तो नवा प्रश्न विचारू शकतो. उणेपणा कृतीत असण्यापेक्षा आपल्या वाचनात अधिक होता. 'काळी आई' या प्रतिमेने आपली सोय केली होती. जमीनच स्त्री झाली, की जमीन नसलेल्या स्त्रीचा विचार करण्याची गरज उरत नाही.

या मौनाला पहिला खरा छेद दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी दिला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यात रानातून जळण आणून ते सवर्णांच्या दारी विकणाऱ्या स्त्रिया आहेत. मोळीत आपला केस वा लुगड्याचा धागा राहिला तर विटाळ होईल, म्हणून काटकी न्‌ काटकी तपासून द्यावी लागते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'चा (2003) आरंभच डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराकडे जाणाऱ्या बायकांनी होतो. 'आयदान' म्हणजे बांबूची विणलेली भांडी. लेखिकेची आई ती विणते आणि तिच्या विणण्यातून कुटुंब उभे राहते.

ग्रामीण कादंबरीत रान हे निसर्गवर्णनाचा विषय होते. या दोन पुस्तकांत ते वजन झाले आहे. ते डोक्यावर बसते, मानेत भरते आणि बाजारात त्याचा भाव ठरतो. सामाईक भूमीचा खरा उपभोग कोण घेते, तिच्या नाशाने प्रथम कोणाची चूल विझते आणि त्या उपभोगाला हक्काचे रूप का येत नाही, हे या लेखनातून कोणत्याही सिद्धान्ताविना कळते. मोळी हा स्त्रीचा भूमीशी असलेला प्रत्यक्ष संबंध आहे आणि मिरास हा पुरुषाचा कागदी संबंध. मराठी गद्याने मिरासीच्या अनेक शोकांतिका लिहिल्या. मोळीला वाङ्मयात यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या आत्मकथनांचे मूल्यमापन करताना आपण जातिव्यवस्थेचे दाहक दर्शन, बोलीचा जिवंतपणा, अनुभवाची अस्सलता असे निकष लावले. भूमीविषयीचे लेखन म्हणून ती वाचली नाहीत. ती तशी वाचली पाहिजेत, हा माझा आग्रह आहे.

लढ्यांचा इतिहासही हेच सांगतो. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीत जमीन आणि गायराने भूमिहीनांना मिळावीत, ही त्यांतील मागणी होती. स्त्रियांनी त्यांत मोठ्या संख्येने भाग घेतला आणि तुरुंगवास सोसला. आंबेडकरी चळवळीतील अशा स्त्रियांच्या आठवणी ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) या ग्रंथात जतन केल्या. त्या शीर्षकातील 'ही' हे अव्यय फार बोलके आहे. तुरुंगात जाताना स्त्री स्वतंत्र सत्याग्रही होती; जमिनीच्या कागदावर ती कुटुंबप्रमुखाच्या मागे उभी राहिली.

शेतकरी संघटनेच्या 1986 च्या चांदवड अधिवेशनाने शेतकरी स्त्रीचा प्रश्न व्यासपीठावर आणला आणि त्या दशकाच्या अखेरीस शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम सुरू केली. ज्या गावात शंभर कुटुंबे आपली काही जमीन पत्नीच्या नावे करतील, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव ठरे. दिल्लीतून निघणाऱ्या 'मानुषी' या नियतकालिकाने तिची दखल देशापुढे ठेवली. या मोहिमेचे मोल निर्विवाद आहे. परंतु 'लक्ष्मी' या शब्दाची मर्यादाही पाहिली पाहिजे. लक्ष्मी ही घराची असते. पतीने दिले म्हणून तिला मिळाले, असे या दानाचे स्वरूप होते आणि ते खासगी शेतापुरते होते. विधवा, परित्यक्ता, अविवाहिता आणि जिच्या पतीकडेच जमीन नाही अशी मजूर स्त्री, या साऱ्या तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यांचा उरलासुरला आधार सामाईक जमीन हाच होता. दिल्लीतच राहून लिहिणाऱ्या बीना अगरवाल यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियातील स्त्री व जमीन यांचा प्रश्न सविस्तर मांडला आणि 2010 च्या ग्रंथात सामाईक वनांच्या कारभारातील स्त्रियांच्या उपस्थितीकडे लक्ष वेधले. नावावर शेत असणे आणि गावसभेत आवाज असणे या दोन्हींची गरज आहे. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

याविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो हलका नाही. मुलीला सामाईक जमिनीत वाटा दिला तर ती लग्न होऊन परगावी जाईल, परक्याचा शिरकाव होईल आणि समूहच मोडेल, असे म्हटले जाते. छोटानागपूरच्या आदिवासी स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयालाही 1996 मध्ये या भीतीचा विचार करावा लागला. बहुमताने रूढी मोडली नाही, परंतु जमिनीवर अवलंबून असलेल्या स्त्रीच्या उपजीविकेला संरक्षण दिले. पुढे 2025 मध्ये एका गोंड कुटुंबातील मुलीच्या वारसांना समान हिस्सा देताना त्याच न्यायालयाने, रूढीच्या नावाखाली स्त्रीला वगळता येणार नाही, अशी भूमिका घेतली. समूह टिकावा ही इच्छा मीही मान्य करतो. मात्र गावात नांदायला आलेली स्त्री तेथेच जन्मभर राबते, तेथेच मरते. तिला त्या समूहाची म्हणायला काय हरकत असावी? मुलगी गेली म्हणून तिचा हक्क जातो आणि सून आली म्हणून तिला हक्क येत नाही. वास्तव्य हाच निकष असेल, तर तो दोघींनाही एकाच वेळी नाकारता येणार नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला शोधले गेले. 2006 च्या वनहक्क कायद्याने विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नींच्या संयुक्त नावे हक्क नोंदविण्याची तरतूद केली आणि 2012 च्या नियमांनी ग्रामसभेच्या उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक ठरविले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये तेथील बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. दिल्ली-मुंबईचे सरकार आमचेच, परंतु गावात आम्हीच सरकार, अशा आशयाची या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' (2012) या पुस्तकात ही वाटचाल सांगितली. 'शाळा'चा कादंबरीकार एका ग्रामसभेची कथा लिहितो, ही मराठी गद्याच्या दृष्टीने साधी घटना नव्हे. येथे नायक कोणी एक व्यक्ती नसून निर्णय घेणारे गाव आहे. ज्यांना वाटते की सामाईक मालकी हा ललित गद्याचा विषय होऊ शकत नाही, त्यांनी हे पुस्तक पाहावे. 'त्या 'आम्ही'मध्ये 'ती' किती आहे?' हा प्रश्न मात्र कोणत्याही एका पुस्तकाने वा नियमाने सुटणारा नाही. एक-तृतीयांश उपस्थिती ही आवाजाची हमी नसते. त्या सभेत बसलेल्या स्त्रीने स्वतः लिहिलेले गद्य मराठीत आले, म्हणजे ही गोष्ट पुढे सरकेल.

तोवर समीक्षेचे काम उरते आणि ते आपल्या आवाक्यातले आहे. 'काळी आई' हे विशेषण वापरताना यापुढे आपण क्षणभर थांबले पाहिजे. ग्रामीण कादंबरीतील रानाचे वर्णन वाचताना तेथून कोण काय उचलून नेते, हे विचारले पाहिजे. ओवीतील माहेर वाचताना हक्कसोडपत्र आठवले पाहिजे. 'बनगरवाडी' पुन्हा वाचताना जुवाखाली खांदा देणाऱ्या त्या स्त्रीचे नाव शोधले पाहिजे. असे वाचन म्हणजे साहित्यावर बाहेरून लादलेला निकष नव्हे, कारण हे प्रश्न त्या कृतींतच आहेत. ज्या स्त्रियांनी डोंगरवाटेने मोळ्या वाहिल्या, त्यांच्या लेकींनी ते लिहून ठेवले आहे. ते भूमीच्या दस्तऐवजासारखे वाचणे आता आपल्याकडे आहे.